दादाच्या हाताची वेळ

कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये दुपारी बसायला जागा मिळायची मारामार. बाकांवर माणसं खांद्याला खांदा लावून बसत आणि उशिरा येणारा उभ्यानेच डबा संपवी. फक्त खिडकीजवळच्या बाकावर जागाच जागा असे. खरं तर सगळ्यात चांगलं बाक ते. उजेड होता, वारा होता, आणि भटारखान्याचा धूरही तिथवर येत नसे. पण तिथे एकच माणूस बसायचा, आणि त्याच्याशेजारी बसण्यापेक्षा लोकांना उभ्याने जेवणं परवडायचं.

त्या माणसाला सगळे सेकंदकाटा म्हणत. तोंडावर अर्थातच ‘साहेब’. पाठ वळली की सेकंदकाटा. हे त्याला चांगलं ठाऊक होतं. आता तर एखाद्याने खऱ्या नावाने हाक मारली असती तर त्यानेच मागे वळून दुसऱ्या कुणाला शोधलं असतं.

माणूस वाईट नव्हता हो. कुणाची चहाडी केली नाही, कुणाचा पगार अडवला नाही, कुणाला वर तोंड करून बोलला नाही. त्याचा गुन्हा एवढाच की गळ्यात स्टॉपवॉच अडकवून तो खात्याखात्यातून फिरायचा आणि कुठल्या कामाला कुणाच्या हाताला किती वेळ लागतो ते लिहून घ्यायचा. कारखाना पंख्यांचा होता, छताला टांगायच्या पंख्यांचा. एक पंखा कारखान्याला केवढ्याला पडतो हे सांगणं त्याचं काम. त्यासाठी पत्रा किती गेला, तांब्याची तार किती गेली, रंग किती गेला हे पाहावं लागे, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे माणसांचा वेळ किती गेला. आता ज्याच्या गळ्यात तुमच्या वेळेचं घड्याळ लोंबतंय त्याच्या मांडीला मांडी लावून घास कुणाच्या घशाखाली उतरणार? वास्तविक जेवायला येताना तो घड्याळ टेबलाच्या खणात ठेवून यायचा. पण असं सांगत कुठे फिरणार, आणि सांगितलं असतं तरी विश्वास कोण ठेवणार?

रिकाम्या बाकाची त्याला सवय झाली होती. सवय झाली नव्हती ती एकाच गोष्टीची. दोन बाकं सोडून पलीकडे, त्याच्याकडे पाठ करून, त्याचा सख्खा मोठा भाऊ बसायचा. दादा वाइंडिंग खात्यात होता. एकेकाळी दोघांचे डबे एका घरातून, एका पिशवीतून यायचे. आता दादा समोर आला की ‘नमस्कार साहेब’ म्हणायचा आणि बाजूला होऊन वाट द्यायचा. अंगावर ओरडला असता, चार शिव्या हासडल्या असत्या, तरी चाललं असतं. पण धाकट्या भावाला वाट देणारा मोठा भाऊ रोज बघायचा म्हणजे काय ते ज्याचं त्यालाच कळतं. सेकंदकाट्याला आयुष्यात आता दुसरं काही नको होतं. दादाने एकदा जवळ बसावं आणि पूर्वीसारखं काहीतरी बोलावं, मग ते रागाचं का असेना, एवढंच त्याला हवं होतं. आणि दादा तर महिनाअखेरीला रिटायर होणार होता.

हे असं का झालं, ते सांगायचं तर बरंच मागे जावं लागेल.

आईवडील गेले तेव्हा धाकटा शाळेत होता आणि दादाला नुकती मिसरूड फुटली होती. नातेवाईक जमले, चुकचुकले, आपापल्या घरी गेले. दादाने दुसऱ्याच आठवड्यात पंख्यांच्या कारखान्यात नोकरी धरली. वाइंडिंग म्हणजे लोखंडी गाभ्याच्या खाचांमध्ये आधी कागद बसवायचा आणि मग त्यात तांब्याची बारीक तार हाताने, वेढ्यावर वेढा देत, ताणून भरायची. ताण कमी पडला तर तार फुगते, जास्त झाला तर तुटते. पहिल्या वर्षी दादाची बोटं इतकी चिरायची की रात्री जेवताना घास तोंडात घालण्याआधी तो फुंकर मारायचा, घासावर नव्हे, बोटांवर. धाकट्याला वाटायचं, आपणही शाळा सोडावी आणि कामाला लागावं. एकदा त्याने तसं बोलूनही दाखवलं.

“तू पेन धर,” दादा म्हणाला. “तार धरायला मी आहे.”

विषय तिथेच संपला. पुढे दादाचं लग्न झालं, वहिनी आली, आणि दोन खोल्यांच्या घराला घरपण आलं. धाकटा हिशेबाचा अभ्यासक्रम पास झाला त्या दिवशी दादाने वाइंडिंग खात्यात सगळ्यांना चहा पाजला. निकालाचा कागद खिशात घालून नेला होता आणि तारेच्या हातांनी तो मळू नये म्हणून दुसऱ्याला उघडायला लावत होता. त्याच कारखान्याच्या कचेरीत धाकट्याला मुनीमजींच्या हाताखाली जागा मिळाली, तीही दादाच्याच शब्दावर.

मुनीमजींची हिशेबाची पद्धत सोपी होती. माल एवढ्याचा, मजुरी एवढी, आणि त्यावर ‘अडीअडचणीला’ म्हणून थोडं. शेवटी समोरचा कारखानदार पंखा केवढ्याला विकतो ते बघायचं आणि आपण त्याहून किंचित कमी लावायचं. कोळसा, भाडं, दिवाबत्ती, दुरुस्ती, मालकांच्या पाहुण्यांचा चहा हे सगळं त्या ‘अडीअडचणीत’ कोंबलेलं असे. बरीच वर्षं हे छान चाललं. मग एका वर्षी उन्हाळा असा काही तापला की पंखे हातोहात खपले. रात्रपाळ्या लागल्या. गाड्याच्या गाड्या भरून माल गेला. वर्ष संपलं, मालकांनी तिजोरी उघडली, तर आत काही नाही.

“मुनीमजी, पंखे तर गेले. पैसे कुठे गेले?”

“पंख्यांबरोबरच गेले असणार, मालक,” मुनीमजी म्हणाले. ते चेष्टा करत नव्हते. त्यांना खरंच तेवढंच कळलं होतं.

मग बाहेरून एक तज्ज्ञ बोलावण्यात आला. उंच, सडपातळ, बूट असे चकचकीत की ओतशाळेतही त्यांच्यावर धूळ बसायला बिचकत असावी. त्याच्या हाताखाली एक माणूस हवा होता, आणि मुनीमजींनी मोठ्या आनंदाने धाकट्याला देऊन टाकलं. तज्ज्ञाला बोलायची हौस होती. तो सांगायचा, पूर्वी कारागीर आपल्याच घरात वस्तू करायचा आणि आपणच विकायचा, तेव्हा ती केवढ्याला पडली हे त्याला कुणी शिकवावं लागत नसे. मग यंत्रं आली, एका छपराखाली शेकडो माणसं आली, मालक काचेच्या खोलीत जाऊन बसला, आणि एक नग केवढ्याला पडतो हे कुणालाच धड सांगता येईना. धंदा तेजीत असेपर्यंत विचारतो कोण? दोनेकशे वर्षांपूर्वी चिनी मातीची भांडी करणाऱ्या एका कारखानदाराला मंदीने गाठलं, तेव्हा तो स्वतः कागद-पेन घेऊन बसला आणि एकेका भांड्याचा खर्च काढायला लागला.

“मग? निघाला खर्च?” धाकट्याने विचारलं.

“निघाला ना. आणि त्याबरोबर हेही निघालं की त्याचा मुख्य कारकूनच पैसे खातोय.”

धाकटा हसला. मुनीमजी हसले नाहीत.

पुढे तज्ज्ञाने सांगितलं की नंतरच्या लोकांना खर्च झाल्यावर तो मोजण्यात समाधान वाटेना. काम व्हायला किती वेळ लागायला हवा हे आधीच ठरवायचं, मग लागला किती ते बघायचं, आणि दोहोंतल्या फरकावर बोट ठेवायचं. फरक कुठे आहे हे कळलं की पैसा कुठे गळतोय हे कळलं. धाकटा हे सगळं तोंडाचा आ करून ऐकायचा. आजवर तो नुसते आकडे उतरवत होता. आता आकड्यांना काहीतरी विचारता येतं हे त्याला पहिल्यांदा कळलं होतं. तज्ज्ञाने त्याच्या गळ्यात स्टॉपवॉच घातलं तेव्हा तर त्याला हार घातल्यासारखं वाटलं.

“माल मोज, पैसे मोज,” मुनीमजी जाता येता पुटपुटले. “माणसं मोजायला लागलास तर शेजारी कोणी बसणार नाही, बघ.”

म्हाताऱ्याचं बोलणं तेव्हा कोणी मनावर घेत नसे.

तज्ज्ञाने एक नियम मात्र घोटवून घेतला. घड्याळ दिसलं की कामगाराचा हात जड होतो. मुद्दाम हळू केलं की ठरणारी वेळ सैल राहते आणि पुढे वर्षानुवर्षं आरामात काम करता येतं. यात कुणाचा दोष नाही, कोणीही तसंच करेल. म्हणून घड्याळात जी वेळ येईल तिच्यातून थोडी छाटायची. किती छाटायची ते समोरच्याचा हात बघून ठरवायचं. आणि खात्याची वेळ ठरवताना सगळ्यात चांगला हात धरायचा.

वाइंडिंग खात्याचा दिवस उजाडला. सकाळपासून खात्यात जणू सगळ्यांच्या अंगात कणकण होती. एकाला तारेचं टोकच सापडेना. दुसरा कागद कापताना असा डोळ्याजवळ नेऊन बघत होता की त्यावर काही लिहिलंय की काय. तिसऱ्याने मध्येच उठून स्टुलाचा पाय तपासला. धाकटा गंभीर चेहऱ्याने मोजत होता, छाटत होता आणि मनातल्या मनात हसत होता.

मग दादाची पाळी आली. दादा त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. वाइंडिंगला इस्त्रीचा शर्ट! त्याने समोर घड्याळ घेऊन उभ्या असलेल्या भावाकडे एकदा पाहिलं आणि गाभा मांडीशी ओढला. दादाला काम करताना गुणगुणायची सवय होती. गाणं असं काही नसे, नुसता हुंकार, तारेबरोबर चालणारा. त्या दिवशी तो गुणगुणला नाही. ओठ घट्ट मिटून त्याने तार ओढली आणि हात असे चालवले की शेजारचे आपलं खोटं काम विसरून बघत राहिले. कपाळावरून घाम निथळत होता, शर्ट पाठीला चिकटला होता. शेवटची गाठ मारून त्याने मान वर केली. शाळेतलं पोर मार्क विचारतं तसं विचारलं, “किती आलं रे?”

धाकट्याने वेळ सांगितली. दादा खूश झाला. भावाचा खात्यातला पहिला दिवस, तज्ज्ञ दारात उभा. आपल्या घरच्या माणसाची मान खाली जाता कामा नये, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. बाकीच्यांनी वेळ वाढवून दिली, याने जीव तोडून कमी करून दिली.

आणि धाकट्याला हे कळत होतं. न कळायला काय झालं? ज्या हातांनी आपल्याला वाढवलं ते कधी सावकाश चालतात आणि कधी धावतात हे त्याला घड्याळाशिवायही सांगता आलं असतं. छाटायला तिथे काही शिल्लकच नव्हतं. पण दारात तज्ज्ञ होता. सगळ्यांच्या वेळेतून छाटलं आणि सख्ख्या भावाच्या वेळेला हात लावला नाही, असं कोणी म्हटलं तर? त्याने छाटलं. इतरांचं छाटलं तेवढंच, उलट वर कणभर जास्त.

ती वेळ खात्याच्या फळ्यावर लागली. सगळ्यात चांगला हात दादाचा, म्हणून तीच सगळ्यांची वेळ. महिन्याभरात वाइंडिंग खात्याच्या नाकी नऊ आले. ठरल्या वेळेत काम केलं तर वर जादा पैसे मिळायचे. ते कोणालाच मिळेनात, दादालासुद्धा नाही. माणसं धावत होती, तारा तुटत होत्या, बोटं चिरत होती. आणि राग कुणावर काढणार? घड्याळ तर काचेच्या खोलीत निघून गेलं होतं. खात्यात दादा होता.

“भावाला खूश करायला आमच्या माना कापल्यास,” फोरमन त्याला सगळ्यांसमोर म्हणाला. त्यानंतर दादाच्या वाट्याचा चहा यायचा बंद झाला. कोणी त्याचं स्टूल भिंतीकडे सरकवून ठेवलं.

एका संध्याकाळी जेवताना दादाने विषय काढला. “धाकट्या, त्या वेळेत थोडी ढील देता येईल का रे? माझ्यासाठी नको. बाकीच्यांचे हात पोचत नाहीत.”

“दादा, घड्याळात आलं ते मी लिहिलं,” धाकटा ताटाकडे बघत म्हणाला. “आकडा काय तुझा-माझा असतो?”

दादाने हातातला घास खाली ठेवला.

“घड्याळात आलं तेवढंच लिहिलंस?”

धाकटा भात कालवत राहिला. वहिनी वाढता वाढता थांबली. दादाने पाट सारला, हात धुतले आणि बाहेर जाऊन उभा राहिला. दुसऱ्या दिवशी कारखान्यात तो पहिल्यांदा ‘नमस्कार साहेब’ म्हणाला. घरीही बोलणं आटत गेलं. मीठ हवं असलं तरी दादा वहिनीला सांगे आणि वहिनी धाकट्याकडून घेई. वहिनीने दोघांनाही समजावून पाहिलं, रडली, शेवटी तीही थकली. वर्षाच्या आत धाकट्याने कारखान्यामागच्या गल्लीत एक खोली घेतली. एक खाट, एक शेगडी, एक खुर्ची. दुसरी खुर्ची घ्यायचा विचार त्याने दोनतीनदा केला, पण बसणार कोण? लग्नाचं वहिनीने बघितलं असतं. तिने बघितलं नाही आणि त्याने कुणाला सांगितलं नाही.

वर्षं अशीच गेली. तज्ज्ञ केव्हाच निघून गेला, मुनीमजी वारले. कारखाना वाढला, कॉस्टिंगचं, म्हणजे खर्च काढायचं, वेगळं खातं झालं, सेकंदकाट्याला टेबल मिळालं, मग खोली मिळाली. मुनीमजींचं ‘अडीअडचणीला’ आता ओव्हरहेड या भारदस्त नावाने ओळखलं जात होतं, आणि ते माणसांच्या तासांवर वाटून टाकायची पद्धत त्यानेच बसवली होती. जिथे हात जास्त, तिथे बोजा जास्त. पुढे मालकांच्या जागी त्यांचे चिरंजीव, धाकटे मालक आले, त्यांनी वाइंडिंगची स्वयंचलित यंत्रं आणली. त्या यंत्रांजवळ माणूस नावापुरता, म्हणून यंत्रांचा खर्चदेखील हातकामाच्या तासांवर जाऊन बसू लागला. कागदावर बघावं तर नव्या यंत्रांची वीज, कचेरीचं भाडं, धाकट्या मालकांच्या गाडीचं पेट्रोल, सगळं दादाच्या बोटांच्या नावाने. हाताचं वाइंडिंग महाग पडतं म्हणून माणसं कमी केली. कमी केली तशी उरलेल्यांवरचा वाटा वाढला आणि ते आणखी महाग दिसायला लागलं. सेकंदकाट्याने एकदा धाकट्या मालकांना हे सांगून पाहिलं.

“पद्धत कुणाची आहे?” मालकांनी विचारलं.

“माझीच.”

“मग झालं तर,” असं म्हणून मालकांनी पान उलटलं.

खात्यात आता मोजकी माणसं उरली होती. मोठाले, जुन्या बनावटीचे पंखे आणि दुरुस्तीची कामं तेवढी त्यांच्याकडे येत. अशात कॉस्टिंगला नवी मॅनेजर आली. वयाने त्याला मुलीसारखी, पण कामात चोख, आणि माणसं समजून घेणारी. तिने पहिल्या महिन्यातच ओव्हरहेडची ती वाटणी मोडीत काढली; ज्या यंत्राचा खर्च त्या यंत्राच्याच माथी मारला. हाताचं वाइंडिंग एका रात्रीत स्वस्त झालं. दादाच्या खात्याला कुलूप लागायचं टळलं. मग एक दिवस ती कागद घेऊन सेकंदकाट्याच्या टेबलाशी आली.

“काका, एक विचारू? वाइंडिंगची ही ठरलेली वेळ आजवर एकदाही कुणी गाठलेली नाही. कुणी ठरवली होती?”

“मी.”

तिने कागदाची घडी घातली. “मग पुन्हा तुम्हीच घ्या ना,” ती म्हणाली. “जुने लोक आहेत तोवरच.”

जुने लोक म्हणजे दादा. त्याचे शेवटचे काही दिवस उरले होते. सेकंदकाट्याने खणातून घड्याळ काढलं आणि त्याला किल्ली दिली. सकाळी खात्यात पाऊल टाकलं आणि त्याला हसूच आलं. माणसं नवी होती पण कणकण तीच. एकाला टोक सापडत नव्हतं, एकाचं स्टूल डुगडुगत होतं. त्याने सगळ्यांच्या वेळा आल्या तशा लिहिल्या. कुणाची छाटली नाही.

दादाचं स्टूल अजून भिंतीकडेच होतं. त्याने चष्मा पुसला, गाभा मांडीशी ओढला आणि सुरुवात केली. हळू. इतकं हळू की सेकंदकाट्याला आधी खरंच वाटेना. दादा तारेला ताण देताना थांबत होता. वेढा चुकला म्हणून उलगडत होता, पुन्हा भरत होता. शेजारच्या यंत्रांचा खडखडाट चालू होता आणि सेकंदकाटा घड्याळ धरून उभा होता, आणि त्याला हळूहळू आत कुठेतरी मोकळं वाटू लागलं. शेवटी दादाही शहाणा झाला तर! इतक्या वर्षांनी का होईना, त्यालाही घड्याळासमोर हात जड करायचं सुचलं. घे, दादा, हवा तेवढा वेळ घे. माझ्यावर सूड म्हणून घे, नाहीतर खात्यातल्या पोरांसाठी घे. आज मी एक सेकंदही छाटणार नाही. त्याला वाटलं, जुनं देणं आज फिटतंय.

दादाने शेवटची गाठ मारली. मान वर केली, पण या वेळी काही विचारलं नाही.

“झालं का साहेब?” एवढंच म्हणाला आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिला.

नवी वेळ दुसऱ्या दिवशी फळ्यावर लागली. वाइंडिंग खात्यात टाळ्या पडल्या म्हणे. दुपारी कॅन्टीनमध्ये एक तरुण कामगार चक्क खिडकीजवळच्या बाकाशी आला आणि सेकंदकाट्यापुढे चहाचा पेला ठेवून गेला. बसला नाही, पण चहा ठेवला. सेकंदकाट्याने पटकन दोन बाकं पलीकडे पाहिलं. दादाची जागा रिकामी होती. दादा, जो तापातदेखील कामावर यायचा, तो आज आलाच नव्हता. चहा तसाच निवला.

संध्याकाळी त्याने कधी नव्हे ते दादाच्या घराची वाट धरली. जिने चढताना त्याला सारखं वाटत होतं की काहीतरी आपण बघितलं नाही. दारापर्यंत पोचला आणि एकदम लक्षात आलं. यंत्रांच्या आवाजातही दादाचा हुंकार ऐकू येईल इतक्या जवळ तो उभा होता. आणि दादा काल गुणगुणला नव्हता. ओठ घट्ट मिटलेले होते, पहिल्यांदा घड्याळासमोर बसला होता तेव्हासारखेच.

दार वहिनीने उघडलं. तिचे केस पांढरे झाले होते. ती दारातून बाजूला झाली.

“या भावोजी,” ती हळू आवाजात म्हणाली. “कालपासून हात गरम पाण्यात घालून बसलेत. बोटं मिटत नाहीत. मी ओरडले, म्हटलं आता चार दिवस राहिले, सावकाश करायचं की नाही? तर म्हणाले, धाकटा घड्याळ घेऊन उभा होता.”

“पण वहिनी, इतकी वर्षं...”

“राग आहेच त्यांचा. तो काही गेला नाही. पण तुमचं काम आलं की त्यांना दुसरं सुचत नाही. तेव्हाही नाही, आत्ताही नाही. त्याला मी काय करू?”

दादा आतल्या खोलीत खिडकीशी बसला होता. पुढ्यात घमेलं, त्यात दोन्ही हात. पाण्यात ते हात सुजलेले आणि पांढुरके दिसत होते. त्याने वर पाहिलं, पुन्हा पाण्याकडे पाहिलं. सेकंदकाटा उभाच राहिला.

“किती आलं रे?” दादाने विचारलं.

सेकंदकाट्याने जन्मात कधी कुणाला खोटा आकडा सांगितला नव्हता. लोकांनी तोंड फिरवलं, भाऊ तुटला, घर सुटलं. आकडा कागदावर छाटला असेल, पण तोंडाने सांगितला तो घड्याळात आला तोच.

“तेवढंच, दादा,” तो म्हणाला. “तेव्हा आलं होतं तेवढंच.”

दादाने पाण्यात बोटं मिटून पाहिली. उभा जन्म ज्या हातांनी काम केलं ते कितपत मंदावलेत हे त्या हातांच्या मालकाला ठाऊक नसेल होय?

“मग त्यातनं छाटलं असशील.”

“नाही,” तो म्हणाला. “या वेळी नाही छाटलं. तेव्हा छाटायला नको होतं रे दादा.”

दादाने मान डोलावली, हो म्हणून की नाही म्हणून ते कळलं नाही. मग वहिनीच्या दिशेने पाहून म्हणाला, “अगं, याचं ताट घे. उभाच आहे कधीचा.”

वहिनीने दोन ताटं घेतली. दादाला घास नीट धरता येत नव्हता, आणि दुसऱ्या कुणी भरवलेला त्याला चालत नव्हता. एकेक घास तो बोटांत गोळा करी, निसटला की पुन्हा गोळा करी. धाकट्याचं ताट केव्हाच रिकामं झालं होतं. हात ताटातच सुकून गेला, तरी दादाचं होईपर्यंत तो तसाच शेजारी बसून राहिला.